राहणार

१

त्या दुपारी फोन लावल्यावर चमच्याचा आवाज आधी फोनमधून आला की दारामागून, हे सरांना आज छातीठोकपणे सांगता येत नाही. कधी वाटतं, आधी फोनमधून. कधी वाटतं, दोन्हीकडून एकदमच. आणि एखाद्या वाईट दिवशी असंही वाटतं, की फोन लागलाच नव्हता, आपण नुसताच कानाला धरून उभे होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या साक्षी पारखणाऱ्या माणसाची स्वतःची साक्ष अशी डळमळीत निघावी, याची त्यांना मनातून लाज वाटते.

सर इतिहासाचे प्राध्यापक. जुनी खरेदीखतं, कोर्टाचे निवाडे, मृत्यूच्या नोंदी यांत त्यांची हयात गेली. सरकारी कागद सगळ्यांना बघायला मोकळे असतात, ते वाचायची चिकाटी तेवढी कुणाकडे नसते. सरांकडे ती होती, म्हणून निवृत्तीनंतरही शेजारपाजारचे लोक येत राहिले. कुणाला भाडेकरू ठेवायचा असे, कुणाला जावई करायचा असे. "सर, जरा बघता का?" सर बघत. घर खरंच त्याच्या नावावर आहे का, कोर्टात काही चालू आहे का, पहिली बायको खरंच वारली का. एका होऊ घातलेल्या जावयाची पहिली बायको वारलेली नव्हती. पलीकडच्या गल्लीत गाण्याच्या शिकवण्या घेत होती, आणि तिची तब्येत उत्तम होती.

तेव्हापासून सरांची बायको त्यांना गुप्तहेर म्हणायला लागली. "आमचे गुप्तहेर सकाळपासून चष्मा शोधतायत," ती आल्यागेल्याला सांगे. "डोक्यावर आहे हे कुणी सांगू नका. बघू किती वेळ लागतो."

ती बोलकी बाई आजारी पडली आणि तिची वाचाच गेली. मग अन्नही नकोसं झालं. सरांनी भरवायला घेतलं की ओठ घट्ट मिटायची. लेक दातांची डॉक्टर, एकटी राहणारी, दवाखाना आणि घर यांच्या मधे दुसरं काही नसलेली. ती रोज संध्याकाळी यायची, वाटी घेऊन बसायची आणि हरून उठायची.

"दिवसभर परक्या माणसांना आ करा म्हणते, सगळे मुकाट्याने करतात," ती एकदा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. "सख्खी आई करत नाही."

या लेकीचीच तिच्या आईला काळजी होती. वाचा शाबूत होती तेव्हा ती सरांना हमखास विचारायची, "आपल्या माघारी हिला कोण, हो? दुसऱ्यांच्या दाढा काढण्यात हिचं वय निघून चाललंय. उद्या अंथरुणाला खिळली तर तोंडात घास कोण घालेल?" सर म्हणत, "बघू." बघण्यासारखं त्यांच्याकडे काही नसे.

आणि मग मावशी आल्या.

बुटक्या, रुंद बांध्याच्या, अंगात राखाडी स्वेटर, पायात रबरी सपाता. येताना त्यांनी स्वतःचा चमचा आणला होता, दांडा जरा वाकलेला. मागच्या खोलीत, बिछान्याशेजारी स्टूल ओढून त्या बसल्या. चमचा वाटीत बुडवला, काठावर दोनदा हलकेच आपटला, टिक-टिक, आणि हात पुढे करून थांबल्या. काही बोलल्या नाहीत, लाडीगोडी नाही, दटावणी नाही. नुसत्या थांबल्या. आणि सरांच्या बायकोने तोंड उघडलं.

सर दाराबाहेर उभे होते. भिंतीला टेकून ते वाटी रिकामी होईपर्यंत बघत राहिले.

२

मावशी घरात चांगल्या रुळल्या होत्या. बायकोच्या गालांवर थोडं मांस चढलं होतं. एका संध्याकाळी लेक चहा घेता घेता म्हणाली, "बाबा, एक विचारायचं राहूनच गेलं. या मावशी तुम्ही शोधल्यात कुठून?"

सरांना वाटलं, ती गंमत करते आहे. "मी कुठून शोधतोय? तू पाठवलंस ना त्यांना?"

"मी?"

"त्या दारात आल्या तेव्हा म्हणाल्या, ताईंना भरवायला आलेय. मी समजलो, तुझ्या दवाखान्यातून कुणी..."

"मी त्या दिवशी आले तर त्या आईजवळ बसलेल्या. मी समजले, तुम्ही ठेवलंत." लेकीने कप खाली ठेवला. आत, मागच्या खोलीत, वाटीच्या काठावर चमचा वाजला. टिक-टिक.

"सगळ्या गावाच्या जावयांची कुंडली काढता," लेक आवाज खाली आणून म्हणाली, "आणि स्वतःच्या घरात कोण शिरलंय ते माहीत नाही. कमाल आहे तुमची."

"ती जेवतेय गं त्यांच्या हातून."

"मला दिसतंय. म्हणून तर आजच जा म्हणत नाही त्यांना. पण बाबा, उद्या जाऊन बघा. कागद चोख असले तर प्रश्नच नाही. जरा जरी काही वाकडं निघालं, तर मी दुसरी बाई आणणार. मग आई जेवो न जेवो. नळी घालू."

नळी घालू, हे ती डॉक्टरच्या आवाजात म्हणाली, पण डोळे तिचे डॉक्टरचे नव्हते. सरांना ठाऊक होतं, ही बाई गेली की ते ओठ पुन्हा मिटणार, आणि या खेपेला बहुधा कायमचे.

३

रेकॉर्ड रूमच्या कारकून बाई सरांच्या जुन्या ओळखीच्या. "या सर," त्या खिडकीतून म्हणाल्या. "आज कुणाचं लग्न मोडायचंय?"

"आज घरचंच काम आहे," सर म्हणाले, आणि त्यांनाच ते कसंसं वाटलं.

आजाऱ्यांची घरी जाऊन देखभाल करणाऱ्यांची नोंद पूर्वी एका जाड वहीत होत असे. ती वही केव्हाच बंद झाली, पुढचं सगळं कॉम्प्युटरवर गेलं. कॉम्प्युटरवर मावशींचं नाव नव्हतं, म्हणून कारकून बाईंनी वही काढून दिली. वाचनाच्या खोलीत लांब टेबल, उंच खिडक्या, जुन्या खळीचा वास. सरांचा जीव इथे नेहमी शांत व्हायचा.

नाव सापडलं. काम : रुग्णास भरवणे. पुढचा रकाना : राहणार.

या शब्दावर सरांनी उमेदीच्या काळात एक तळटीप लिहिली होती. 'राहणार हे रूप भविष्यकाळाचे भासले तरी दस्तऐवजांत त्याचा अर्थ रहिवासी असाच घ्यावा.' त्यावरून विद्यार्थी त्यांची टिंगल करत : सर पेपर तपासणार, म्हणजे तपासताहेत की अजून तपासायचेत? त्या टिपेबद्दल पुढे कुणी शंका घेतली नव्हती. एक सर सोडून. त्यांना आपल्या प्रत्येक टिपेबद्दल शंका असायची.

वहीत इतर बायकांचे पत्ते बदलले होते तिथे जुना पत्ता खोडलेला होता, नवा वेगळ्या शाईत, शेजारी अधिकाऱ्याची सही. मावशींच्या रकान्यात खाडाखोड नव्हती. पत्ते एकाखाली एक, सगळे एका हाताचे, एका शाईचे, जणू एका बैठकीत लिहिलेले. सर ते बोटाने वाचत खाली आले. शेवटून तिसरा : टपाल कार्यालयामागची गल्ली, शिंप्याचं घर. त्याखाली त्यांच्या स्वतःच्या रस्त्याचं नाव, त्यांच्या घराचा क्रमांक, आणि पुढे स्वच्छ अक्षरात, 'मागची खोली'.

ती वही बंद झाली तेव्हा सरांचं घर बांधलेलंही नव्हतं. त्या जागी पेरूची बाग होती.

कुणीतरी नंतर घुसडलं असेल, सरांनी स्वतःला समजावलं. अशा घुसडलेल्या ओळी त्यांनी डझनावारी पकडल्या होत्या. त्यांनी भिंग काढलं, कागद उजेडाला तिरका धरला. शाई सारखीच फिकटलेली, सारखीच आत मुरलेली. नंतरची भासावी अशी एक रेघही त्यांना मिळेना. आणि त्यांच्या पत्त्याखाली अजून एक पत्ता होता : टेकडीपलीकडची वसाहत, शेवटची इमारत, वरचा मजला. टेकडीपलीकडे दगडाच्या खाणी होत्या, वसाहत कधीच नव्हती. या एका चुकीने सरांना हायसं वाटलं. चुका करणारा कारकून म्हणजे माणूसच कुणीतरी.

मग त्यांनी वरच्या पत्त्यांवरच्या मृत्यूच्या नोंदी मागवल्या. मनात आलेला संशय त्यांना स्वतःशीसुद्धा उच्चारवत नव्हता. प्रत्येक घरी एकेक नोंद निघाली. सगळी पिकलेली माणसं, आपापल्या बिछान्यात गेलेली. कारणाच्या रकान्यात दरवेळी एकच शब्द : वार्धक्य. शिंप्याच्या आईचाही तोच.

"मिळालं का काही वाकडं?" वही परत घेताना कारकून बाईंनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "सगळं फारच सरळ आहे."

४

शिंपी साठीच्या पुढचा, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. सरांना बघून त्याने टाचणी काढली. "या. माप द्यायचंय?"

"माप नाही. एका बाईंची चौकशी करायची होती. तुमच्या मातोश्रींना सांभाळायला होत्या त्या."

शिंप्याने कात्री खाली ठेवली. "बसा ना," तो एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला. "तुमच्याकडे आल्यात का?"

"आल्यात. कशा आहेत?"

"काय सांगू तुम्हाला. आम्ही एवढी भावंडं, सुना, नातवंडं. आई कुणाच्या हातून पाणी घेईना. मला तर चमचा फेकून मारला होता, ही खूण बघा. त्या आल्या नि आई जेवली. शेवटच्या दिवसापर्यंत जेवली, हसून गेली. आमच्या घरावर त्यांचे उपकार आहेत, दुसरं काय."

"तुम्ही कुठून शोधलंत त्यांना?"

"मोठ्या भावाने पाठवलं होतं." शिंपी जरा थांबला. "तो म्हणतो, मी."

"मग तुमच्याकडून त्या गेल्या कधी?"

शिंप्याने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू त्यांनी माप इंचांऐवजी किलोत सांगितलं. मग त्याने भिंतीकडे, घड्याळाकडे पाहिलं, हात लांबवून शिलाई मशीनचं बटण बंद केलं. पंखाही बंद केला. दुकानात दुपारची शांतता उतरली.

"आईच्या जेवणाची वेळ झाली," तो हळू म्हणाला.

सरांनी तिची मृत्युनोंद सकाळीच वाचली होती. "मातोश्री... आहेत?"

"नाही हो. कधीच गेली."

आणि दुकानामागच्या लोटलेल्या दारापलीकडून आवाज आला. टिक-टिक.

चमचे सगळ्यांकडे असतात, सरांची बुद्धी म्हणाली. नळ ठिबकत असेल. त्यांनी खिशातून फोन काढून घरी लावला. मावशींनी उचलला. "बोला सर. ताईंना भरवतेय." फोन कुठेतरी टेकवून ठेवल्याचा आवाज. मग चमचा. फोनमधून टिक-टिक, दारामागून टिक-टिक. मधे फट नव्हती. निदान सरांच्या आठवणीत नाही.

ते उठून दारापाशी कसे गेले, ते त्यांना सांगता येत नाही. दार पुरतं लागलेलं नव्हतं. फटीतून एक बिछाना दिसला, स्वच्छ, घडी न मोडलेला. त्यावरच्या उशीत मात्र मधोमध खळगा होता, डोकं टेकल्यावर पडतो तसा. आणि खळग्यावर, हवेत, एक हात थांबला होता. राखाडी बाही, कोपरापर्यंत. पुढचं दाराच्या कडेने झाकलेलं. वाकड्या दांड्याचा चमचा बोटांत. हात हलत नव्हता. कुणाचंतरी तोंड उघडायची वाट बघत होता.

"सर," फोनमधून मावशी शांतपणे म्हणाल्या, "जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

सर बाजूला झाले.

त्यांना खुर्चीत बसवून शिंप्याने पाणी दिलं. "मीही पहिल्यांदा असाच पांढरा पडलो होतो," तो म्हणाला. "घर विकायला काढलं होतं. मग एक दिवस आईचा आवाज आला."

"काय म्हणाल्या?"

"बास रे. पोट भरलं की तश्शीच म्हणायची." शिंप्याने पुन्हा टेप गळ्यात नीट केली. "ती खोली आम्ही कुणाला दिली नाही. दुपारी मशीन बंद ठेवतो, एवढंच. गिऱ्हाईकं कुरकुरतात. कुरकुरू देत."

५

घरी जाताना सरांनी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. ऊन लागलं होतं. पोटात काही नव्हतं. म्हातारा शिंपी एकटेपणाने चळला असेल, आणि दुसऱ्या म्हाताऱ्याने त्याचं खरं मानलं असेल. दाराशी येईतो त्यांनी शिंप्याला जवळजवळ वेडा ठरवलं होतं. आत गेले, तर मावशी मागच्या खोलीत बायकोचं तोंड पुसत होत्या.

"मावशी," सरांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच विद्यार्थ्यासारखा वाटला. "आतापर्यंत किती घरं सोडलीत तुम्ही?"

"सोडली कुठे, सर?" त्यांनी टॉवेलची घडी घातली. "माणूस जेवायचं थांबत नाही, तोवर उठायचं कसं?"

"आणि नंतर?"

मावशी हसल्या. दमलेलं, साधं हसू. "थांबत कुठे कुणी?"

संध्याकाळी लेक आली. तिने सरांना स्वयंपाकघरात गाठलं. "काय निघालं?"

सरांनी आजवर कुणाला खोटा अहवाल दिला नव्हता. खरं सांगितलं तर ही बाई आजच घराबाहेर जाणार. नाही सांगितलं, तर त्या खोलीत जे बसलं आहे ते आपण आपल्या हाताने बायकोच्या उशाशी ठेवलं, असं होणार. त्यांनी बोलायला सुरुवात केली. "अगं, त्या वहीत..."

आतून टिक-टिक झालं. मग थोडी शांतता. मग कितीतरी दिवसांत त्या घरात न ऐकलेला, गंजलेल्या कडीसारखा एक आवाज आला.

"पुरे."

लेक धावली. सर उंबऱ्याशी पोचले तेव्हा ती आईच्या छातीवर डोकं ठेवून रडत होती, आणि आई तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. मावशी वाटी हातात घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या, वाटेतून बाजूला, उजेड अडणार नाही अशा.

"बाबा," लेकीने डोळे पुसत विचारलं, "वहीत काय, म्हणत होतात?"

"काही नाही," सर म्हणाले. "कागद स्वच्छ आहेत. इतके स्वच्छ कागद मी आजवर पाहिले नाहीत."

बायकोचे शब्द फार परतले नाहीत, मोजकेच आले. 'पुरे' आला. 'चष्मा' आला, सरांच्या डोक्याकडे बोट दाखवत. आणि एका दुपारी लेक दवाखान्यात गेल्यावर तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ती म्हणाली, "तिला... कोण?" सर तिचा हात धरून बसले.

ती गेली सकाळी, उन्हं खोलीत आलेली असताना, पोटभर पेज घेऊन. दाखल्यावर डॉक्टरांनी काय लिहिलं, ते सरांना न वाचताच ठाऊक होतं.

मावशींनी पिशवी भरली. लेक त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली, त्यांच्या गळ्यात पडली. सर खिडकीतून बघत होते. राखाडी स्वेटर रस्त्याच्या वळणाआड गेला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मग ते वळले, कारण मागच्या खोलीत वाटीच्या काठावर चमचा वाजला होता.

दार लोटावं, की रस्त्यावर धावत सुटावं, हे कळेना. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. ते दाराबाहेर, भिंतीला टेकून, पहिल्या दिवशी उभे होते तिथेच उभे राहिले. टिक-टिक. थांबणं. टिक-टिक. थांबणं. शेवटी अगदी हळू, जरा खट्याळ, आजारपणाआधीच्या आवाजात :

"पुरे हो."

तेव्हापासून दुपारी सर पंखा बंद करतात. रेडिओही. ती खोली झाडून घेतात, उशी मात्र झटकत नाहीत. भीती गेलेली नाही. पण माणसाला इतकं मिळावं आणि त्याबद्दल आभार मानायला समोर कुणी नसावं, याचं त्यांना जास्त वाटतं. म्हणून ते दाराला हात जोडतात आणि बाजूला होतात.

६

बऱ्याच वर्षांनी लेकीने फोन केला. तिचे केस आता पांढरे झाले होते, दवाखाना बंद करायचं चाललं होतं. "बाबा, अखेर घर घेतलं. खाणी बुजवून नवीन बांधकाम केलंय ना, तिथे. तुम्ही जिन्याची काळजी करू नका, लिफ्ट आहे."

"कुठे म्हणालीस?"

"टेकडीपलीकडे हो. अगदी टोकाला, पुढे नुसतं रान. वरचा मजला घेतला, उजेड छान येतो. एक खोली जास्तच आहे मला, पण असू दे. पुढेमागे लागेल."

दुसऱ्या दिवशी सर काठी टेकत रेकॉर्ड रूममध्ये गेले. ओळखीच्या कारकून बाई निवृत्त झाल्या होत्या. नव्या माणसाने त्यांना बसायला खुर्ची दिली, वही आणून दिली. स्वतःवर विश्वास नव्हता, म्हणून सरांनी मावशींच्या रकान्यातला शेवटचा पत्ता त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. मग लेकीचं खरेदीखत मागवून दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. पत्ता जुळत होता. वसाहत, शेवटची इमारत, वरचा मजला. त्याआधीच्या पत्त्यांवरच्या मृत्यूच्या नोंदी त्यांनी पुन्हा एकदा, एकेक करून, तपासल्या. त्यांची स्वतःची बायकोसुद्धा आता त्यांत होती. मृत्यूचं कारण सगळीकडे तेच होतं : वार्धक्य.